एक्स्चेंज बोनस म्हणजे नेमके कोणाचे पैसे?

मा. संपादक,

दसरा-दिवाळी आली की तुमच्याच पेपरात पानभर जाहिराती येतात, जुनी गाडी द्या, सीएनजी घेऊन जा, पेट्रोलचा खर्च निम्मा करा. आमची पेट्रोल हॅचबॅक जुनी झालीये, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये कसंबसं पंधराचं अ‍ॅव्हरेज देते, म्हणून शोरूमला गेलो. तिथल्या पोराने कॅल्क्युलेटर काढून लगेच दाखवलं, सर महिन्याला तीन हजार सरळ वाचतात. आता तो आकडा काही खोटा नाही. महिन्याला 1000 किमी धरा, पेट्रोल 104 रुपयाने सात हजाराच्या आसपास जातं, सीएनजी 25 चं अ‍ॅव्हरेज आणि 90 रुपये किलो धरलं तर 3600. म्हणजे तीन हजार तीनशे वाचले. पण जुन्या गाडीचे पैसे वजा करून वरच्या पाच लाखांचं लोन काढलं तर 9 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता दहा हजार चारशेच्या जवळ जातो, ते कोणी सांगत नाही. शिवाय नव्या गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स तीन वर्षांचा एकदमच भरायचा, आणि राज्याने 2025 च्या बजेटमध्ये सीएनजी गाड्यांचा टॅक्स एक टक्का वाढवलाय तो वेगळाच. तीन वाचवायला दहा भरा! ज्याचं रनिंग महिन्याला तीन हजार किमी आहे त्याचा हप्ता जवळपास इंधनातच निघतो, त्याने खुशाल घ्यावी. बाकीच्यांनी नवी गाडी हवी म्हणून घ्यावी, बचतीचं नाव कशाला.

खरी गंमत जुन्या गाडीच्या किमतीत आहे. त्यांचा माणूस आला, पत्र्यावर मशीन लावून कुठे रंग दिलाय ते बघितलं, आणि बाहेरच्या गाडीवाल्याने सांगितलेल्या भावापेक्षा चाळीसेक हजार कमी सांगितले, वर म्हणे पंचवीस हजार एक्स्चेंज बोनस देतो ना सर. म्हणजे आमचेच पैसे कापून त्यातलेच आम्हाला बोनस! भाव कमी का विचारलं तर उत्तर तयार, जुन्या गाडीवर जीएसटी 18 टक्के झाला. अहो, तो जानेवारी 2025 पासून 18 झाला हे खरंय पण तो लागतो डीलरच्या मार्जिनवर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, आणि छोट्या पेट्रोल गाड्यांना आधी 12 होताच. डीलरने चाळीस हजार कमावले तर टॅक्स वाढला फक्त 2400. हां, सप्टेंबर 2025 मध्ये नव्या छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आला आणि त्याने जुन्यांचे भाव पडले, हे कारण दिलं असतं तर पटलं तरी असतं. एक सुचवतो, आधी गाडी द्यायचीच नाही असं सांगून नव्या गाडीवर डिस्काउंट विचारा आणि मग एक्स्चेंज काढा, दोन कोटेशन शेजारी ठेवली की कळतं.

कागदांचं तर विचारूच नका. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे जे फॉर्म 29 आणि 30, त्यांवर कोऱ्या सह्या घेतात, गाडी एजंटकडून एजंटकडे फिरत राहते आणि चलनं आपल्या मोबाइलवर. नाव बदललं नसेल आणि अपघात झाला तर भरपाई आरसीवर नाव असलेल्या मालकावर येते, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच सांगितलंय. 1 एप्रिल 2023 पासून आरटीओकडे नोंदणी असलेल्या डीलरला गाडी दिली की ती त्याच्या ताब्यात दिल्याचा फॉर्म 29सी ऑनलाइन भरता येतो, मग जबाबदारी त्याची. आमच्या शोरूममध्ये त्याबद्दल विचारलं तर मॅनेजर म्हणाले, आमच्याकडे असं काही नसतं. फास्टॅग आपणच बंद करायचा, नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सवर मिळणाऱ्या सवलतीचं, लेटर पण आपणच मागून घ्यायचं, तो बोनस गाडीचा नसतो, आपला असतो, हे पण कोणी आपणहून सांगत नाही.

परिवहन खात्याने एवढंच करावं की एक्स्चेंजच्या प्रत्येक कोटेशनवर जुन्या गाडीचा भाव, बोनस, आणि एक्स्चेंज न करता मिळणारं डिस्काउंट या तीन रकमा वेगवेगळ्या छापणं सक्तीचं करावं, आणि 29सी ची पावती हातात आल्याशिवाय जुन्या गाडीची चावी घेऊ देऊ नये. तुम्ही पण पुढच्या वेळी त्या पानभर जाहिरातीशेजारी हप्त्याचा हिशोब छापा की, जागा असेल तर.

– एक वाचक, कोथरूड, पुणे