गल्ल्यावरचा माऊस

जळगाव

प्रिय मित्रा,

कसा शे भो? परवा तुझा फोन आला तेव्हा मी एसटीत होतो, धड काही ऐकू येईना. म्हणून बैजवार लिहितोय. पत्र समोर ठेव आणि दुकानात गर्दी नसेल तेव्हा करून बघ.

तुझं म्हणणं, माऊस खराब निघाला. सकाळी बाण सरळ चालतो आणि दुपारी उधळतो. मला शंका वेगळीच आहे. चाकाच्या मागे एक बारकं बटण असेल बघ, ते डीपीआयचं, म्हणजे माऊस इंचाला किती पावलं मोजतो त्याचं. एकदा दाबलं की ८०० चे १२०० किंवा १६०० होतात. ८०० वर माऊस एक इंच सरकवला तर तो कॉम्प्युटरला ८०० पावलं कळवतो. तुझा स्क्रीन १९२० ठिपक्यांचा, म्हणजे साधारण अडीच इंचांत बाण या टोकाहून त्या टोकाला. १६०० वर सव्वा इंचातच पार! दुपारी गल्ल्यावर आप्पा बसतात ना? त्यांचं बोट चाकावरून घसरून त्या बटणावर पडत असणार. बाण उधळला की ते बटण दाबत जा, फिरून पूर्वीच्या वेगावर येईल. माऊस बदलून आणायची घाई करू नकोस.

आता विंडोजचं. कंट्रोल पॅनेलमध्ये माऊस उघड, त्यात पॉइंटर ऑप्शन्स. वेगाच्या पट्टीला अकरा खाचा आहेत, मधली सहावी. तिथे माऊसचं एक पाऊल म्हणजे स्क्रीनवरचा एक ठिपका. त्याच्या पुढे नेलंस तर बाण मधले ठिपके गाळत उड्या मारतो आणि बिलातल्या बारीक चौकटी हुकतात. म्हणून आधी डीपीआय ठरव, पट्टी मधेच राहू दे, अगदीच गरज पडली तर एखादी खाच मागेपुढे.

त्याच खिडकीत ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची टिक आहे. ती असली की हात जोरात हलवल्यावर बाण जास्त लांब जातो, हळू हलवल्यावर कमी. तुला सवय असेल तर ठेव. आप्पांसाठी मात्र काढच. त्यांचा हात थांबतो आणि मग एकदम झटका देतो. त्या झटक्याची टिकमुळे उडी होते आणि युरियाच्या जागी भलतंच खत बिलात चढतं.

‘पण मग रोज कोण बदलणार?’ असं म्हणशील. कोणीच नाही. आप्पांना विंडोजमध्ये वेगळं खातं काढून दे. पट्टी आणि टिक ज्याच्या त्याच्या खात्यात राहते. डीपीआय तेवढा माऊसमधला, तो दोघांना एकच. त्यांच्या खात्यात डबल क्लिकचा वेगही कमी कर. ‘बटन्स’मध्ये पट्टीशेजारी एक पिवळं फोल्डर दिसतं, ते त्यांनाच उघडून बघायला सांग. त्यांच्या हाताने उघडलं की वेग जमला. शिवाय कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती गोल दिसायची सोयही चालू कर, म्हणजे ‘कुठे गेला रे तो’ ही हाक बंद होईल.

आणि हो, माऊस काचेवर फिरवू नकोस. काचेखाली बियाण्यांचं कॅलेंडर छान दिसतं, पण माऊसच्या दिव्याला साधी काच नीट वाचता येत नाही. एखादा जाड पुठ्ठा टाक.

रविवारी सावद्याला येतोय. बामणोदची वांगी मिळाली तर आणून ठेव, कळण्याच्या भाकरीचं वहिनींना मी स्वतः सांगतो. आप्पांना नमस्कार.

तुझाच,
जळगावकर दोस्त