कवचबीजाविषयी मित्रास पत्र

नागपूर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. काकांच्या हाताचा कंप वाढला असून मेंदुविकारतज्ज्ञांच्या गोळ्यांबरोबरच कवचबीजाचे चूर्णही सुरू करावे, असा सल्ला शेजाऱ्यांनी दिल्याचे तू लिहिले आहेस; झाडपाल्याच्या औषधाने अपाय तो काय होणार, असेही विचारले आहेस. तज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नकोस. वनौषधींचे रसायनशास्त्र हेच माझे काम असल्याने कारणही नीट सांगतो.

कवचबीज म्हणजे आपल्याकडे कुंपणावर चढणाऱ्या खाजकुइलीचे बी. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून लेव्होडोपा (शरीरात ज्याचे डोपामिन बनते ते द्रव्य) शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मात्र कंपवाताशी, म्हणजे पार्किन्सनच्या व्याधीशी, त्याचे नाते पुढे उलगडले, ते सर्पगंधेमुळे. सर्पगंधेच्या मुळाने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली आपल्या रुग्णांवरील निरीक्षणांतून जगापुढे मांडले, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसर्पीन वेगळे झाले. हे द्रव्य मज्जापेशींमधील डोपामिनसारख्या संदेशवाहकांचे साठे रिकामे करते. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन दिले तेव्हा ते निश्चल पडून राहिले. नंतर लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिन संपले की हालचाल थांबते, हे त्यातून दिसले, आणि या संशोधनासाठी कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्याच मातीतल्या एका मुळाने व्याधीची वाट दाखवावी आणि दुसऱ्या वेलीच्या बियांत तिच्यावरचे द्रव्य असावे, याचे मला आजही फार नवल वाटते.

तेव्हा शेजाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही, आणि माझी काळजी नेमकी त्यामुळेच आहे. काकांच्या गोळीत लेव्होडोपाबरोबर बहुधा कार्बिडोपा असेल. पाकिटावर पाहून घे. डोपामिन स्वतः रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेव्होडोपा शिरते. पण वाटेतच त्याचे बरेचसे डोपामिन होऊन जाते आणि त्याने मळमळ होते. कार्बिडोपा हे वाटेतले रूपांतर रोखते. नुसते चूर्ण घेणाऱ्याला हे संरक्षण नसते. काकांच्या बाबतीत मात्र गोळीतील कार्बिडोपामुळे चूर्णातील लेव्होडोपाही अधिक प्रमाणात मेंदूपर्यंत पोहोचेल. म्हणजे तज्ज्ञांनी मोजून ठरवलेल्या मात्रेत कोणाच्याही नकळत भर पडेल. त्याने अंगाच्या अनावर हालचाली होणे, उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येणे, क्वचित भास होणे, हे सारे संभवते.

भर किती पडेल, हे सांगणेही कठीण आहे. बियांत लेव्होडोपा साधारण ४ ते ६ टक्के आढळते, परंतु वाण, जमीन आणि बी किती पक्व आहे यांनुसार ते बदलते. आयुर्वेदातील शोधनविधीत बिया दुधात शिजवून टरफल काढतात. त्या शिजवण्यानेही प्रमाणात फरक पडतो. शिवाय हे द्रव्य हवेत, विशेषतः अल्कधर्मी द्रावणात, काळे पडून नासते, म्हणून आम्ही अर्क काढताना सौम्य आम्ल वापरतो आणि मगच एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) प्रमाण मोजतो. इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानांतून आणलेले नमुनेही एकमेकांशी जुळत नाहीत. एका चमच्यात किती लेव्होडोपा आहे हे ठाऊक नसताना गोळीची मात्रा कोणी आणि कशी बेतावी?

परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि प्रमाणित केलेले कवचबीज पुढे रुग्णांच्या उपयोगी पडावे, हीच माझ्या कामामागची इच्छा आहे. म्हणून चूर्ण टाकून दे, असे मी म्हणत नाही. पुढच्या तपासणीला जाताना डबी सोबत ने आणि तज्ज्ञांना स्पष्ट विचार. ते हो म्हणाले, तरी गोळीची मात्रा त्यांनाच नव्याने ठरवू दे, आणि चालू गोळ्या मात्र तुम्ही आपणहून कमी किंवा बंद करू नका. आणखी एक सांगायचे राहिले: प्रथिनांनी भरलेल्या जेवणाबरोबर लेव्होडोपा नीट शोषले जात नाही, तेव्हा गोळीची आणि जेवणाची वेळही त्यांना विचारून घे.

डबीतले थोडे चूर्ण मला पाठवलेस तर त्यातील प्रमाण मोजून कळवीन. काका-काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
माधव