खोक्याची मागची बाजू

दारव्हा, जि. यवतमाळ
पौष महिना

प्रिय मित्र गजानन यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि पिशवीत बांधून पाठवलेल्या चार वस्तू दूधवाल्याच्या हाती व्यवस्थित पोहोचल्या. कापूस वेचणाऱ्या बाया तुझ्या दुकानात हातापायाला लावायला काहीतरी मागतात, विक्रीवाला हे नमुने ठेवून गेला आहे, आणि यांपैकी कोणता माल भरावा, असे तू विचारले आहेस. अठरा वर्षे औषधांचे दुकान चालवूनही उत्तर द्यायला मला दोन संध्याकाळी आणि आईचे भिंग लागले, कारण कामाची माहिती खोक्याच्या मागे असते आणि तीही मुंगीएवढ्या अक्षरांत.

मागची यादी वाचण्याची एक रीत आहे. जो घटक सर्वांत जास्त, तो आधी लिहितात आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. या दोन भागांमधली रेघ कोणी आखून देत नाही, पण ती ओळखण्याची एक खूण मला सापडली आहे. फिनॉक्सीइथेनॉल नावाचे टिकवणद्रव्य एक टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही, म्हणून त्याच्यानंतर जे जे लिहिलेले असते ते एक टक्क्याच्या आतलेच असते. आता तुझ्या त्या २८० रुपयांच्या केशर-चंदन क्रीमचे खोके उलटून बघ. पाणी, लिक्विड पॅराफिन, ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड, सेटिल अल्कोहोल, मग फिनॉक्सीइथेनॉल, मग सुगंध, आणि सुगंधाच्याही मागे केशराचा अर्क. ६० रुपयांच्या कोल्ड क्रीमच्या डबीवर पहिले पाच घटक तेच आहेत, फक्त ग्लिसरीन एक पायरी वर आहे. म्हणजे हाताला जे लागते ते दोन्हींत जवळपास एकच, आणि वरचे २२० रुपये खोक्यावरच्या केशराच्या चित्राचे. सेटिल अल्कोहोल या नावाने मात्र बिचकू नकोस. ते दारूतले अल्कोहोल नसून मेणासारखे घट्ट असते आणि त्वचा मऊ करते.

हे घटक करतात काय, तेही सांगतो, म्हणजे गिऱ्हाईक विचारील तेव्हा तुला बोलता येईल. ग्लिसरीन पाणी ओढून धरते. तेले, स्टिअरिक ॲसिड आणि सेटिल अल्कोहोल त्वचेच्या वरच्या थरातील बारीक फटी भरून ती गुळगुळीत करतात. पेट्रोलियम जेली, मेण आणि लोकरीपासून काढलेले लॅनोलिन वरून झाकण घालतात. तू संत्र्याच्या आळ्यात उन्हाळ्यात गवताचे आच्छादन घालतोस, तसेच हे झाकण समज: आच्छादन स्वतः पाणी देत नाही, आहे तो ओलावा उडू देत नाही. म्हणून कोरड्या ठणठणीत हातावर पेट्रोलियम जेली चोपडून उपयोग थोडा आणि चिकटपणा फार. हात धुऊन, नुसते टिपून, ओलसर असतानाच ती लावली पाहिजे. ही जेली अमेरिकेतील पेट्रोलियमच्या विहिरींवर पंपांना चिकटणाऱ्या मेणचट गाळातून निघाली आणि रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले. दीडशे वर्षांत ओलावा रोखण्याच्या कामी तिच्या तोडीचे स्वस्त द्रव्य क्वचितच सापडले आहे.

ग्लिसरीनचे एक पथ्य आहे. आपल्याकडच्या पौष-माघातल्या कोरड्या हवेत त्याला बाहेरून ओढायला पाणी मिळत नाही. मग निखळ ग्लिसरीन त्वचेच्या आतलेच पाणी ओढते आणि बाया तक्रार करतात की, लावल्यावर हात आणखी चरचरतात. निम्मे पाणी किंवा गुलाबपाणी मिसळून, ओल्या हातावर, आणि वरून थोडे तेल किंवा जेली, एवढे सांगितलेस तर तीच बाटली उपयोगी ठरते. हायल्युरॉनिक ॲसिड हेही याच जातीचे. मुळात ते १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातील पारदर्शक द्रवातून वेगळे केले गेले, आणि आता तुझ्या सूनबाईंना हव्या असलेल्या त्या इवल्याशा सीरमच्या बाटलीवर त्याचे नाव सोनेरी अक्षरांत छापले आहे. वाईट नाही, पण उन्हात वेचणी करणाऱ्या हातांना त्याने ग्लिसरीनपेक्षा वेगळे काही मिळेल, असे मला वाटत नाही.

आता माझ्या आवडीच्या घटकाकडे येतो, तो म्हणजे युरिया. खताच्या पोत्यात असतो तोच हा पदार्थ, आणि आपल्या त्वचेच्या वरच्या थरातही तो मुळातच थोडा असतो. सुमारे दहा टक्क्यांपर्यंत तो पाणी धरतो आणि त्याहून वर गेला की जाड, मेलेली कातडी सैल करू लागतो. याचा पडताळा मी आईच्या टाचांवर घेतला. दर हिवाळ्यात तिच्या टाचा अशा उलतात की, भेगांत माती बसून काळ्या रेघा दिसतात. दोन्ही पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून मी डाव्या टाचेला दहा टक्के युरियाचे क्रीम आणि उजवीला पेट्रोलियम जेली लावली, वर सुती मोजे घातले. खोक्यावरचे नाव मोठ्याने वाचले तेव्हा ती म्हणाली, "काहून रे, पऱ्हाटीले टाकाचा युरिया माह्या पायाले लावतं का?" (पऱ्हाटी म्हणजे कपाशी.) पहिल्या रात्री उघड्या भेगेत तिला चांगलेच झोंबले आणि मला बोलणी खावी लागली. चौथ्या दिवशी उजवी टाच मऊ होती, डावी जशीच्या तशी. दहाव्या दिवशी मात्र डाव्या टाचेच्या कडेची पिवळट, टणक कड ओल्या फडक्याने घासताच निघून आली. उजवीची तशीच राहिली होती. आता दोन्ही पायांना आधी युरिया आणि वरून जेली असे चालले आहे. एकाच माणसाच्या टाचा म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, हे मला कळते. आणि हो, कोणी हुशारी करून पोत्यातला युरिया पाण्यात कालवू नये, हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांग. तो शेतासाठी असतो, त्यावर निंबोळी तेलाचे वेष्टण असते आणि त्याची शुद्धता त्वचेच्या हिशेबाने ठरवलेली नसते.

घरच्या तेलांबद्दल थोडक्यात. खोबरेल अंगाला उत्तम, पण पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रे बुजवू शकते. जवसाचे तेल खायला चांगले, पण हवा लागली की ते घट्ट व चिकट होते, म्हणूनच तर ते रंगात घालतात. त्वचेवर फार वेळ ठेवण्यासारखे नाही. मोहाच्या टोळंबीचे, म्हणजे बियांचे, तेल थंडीत थिजते आणि हाताच्या उबेने वितळते, ते मला भेगांसाठी खोक्यातल्या पुष्कळ क्रीमांपेक्षा बरे वाटते, वास सोसला तर.

सीरममध्ये निॲसिनामाइडही आहे. हे जीवनसत्त्व ब-३ चे रूप असून दोन ते पाच टक्क्यांत डाग फिके करण्यास आणि तेलकटपणा कमी करण्यास मदत करते. दहा टक्के लिहिले म्हणजे दुप्पट गुण येत नाही, काहींना नुसती जळजळ होते. त्याच कंपनीची व्हिटॅमिन सी ची बाटली मात्र घेऊ नकोस. ते पाण्यात विरघळवलेले असले की उष्णता आणि हवा लागून तपकिरी पडते, आणि मे महिन्यात तुझ्या पत्र्याच्या दुकानात ते किती दिवस टिकेल ते तूच सांग.

शेवटची वस्तू, ती पांढरी डबी, "सात दिवसांत उजळ" अशी. तिच्यावर घटकांची यादी नाही, कारखान्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. ती मी परत पाठवत नाही, येथेच फोडून टाकतो. अशा डब्यांत बहुधा पारा असतो नाहीतर स्टिरॉइड. २०२३ च्या आरंभी अकोल्याची बातमी तू वाचली असशील: उजळपणाच्या क्रीममुळे एकाच घरातील तिघांच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि क्रीम तपासले तेव्हा पारा हजारो पीपीएम (दहा लाख भागांतले भाग) निघाला, मर्यादा एक पीपीएमची आहे. स्टिरॉइडचा अनुभव तर माझाच आहे आणि तो सांगताना मान खाली जाते. दुकान नवे असताना मी शेजारच्या एका मुलीला मोमेटासोन हे स्टिरॉइड असलेली ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय महिनोन्महिने दिली. रंग उजळला, घरचे खूश झाले, आणि मग गालांवर लाल शिरा दिसू लागल्या, लव वाढली, उन्हात गेली की चेहरा भाजल्यासारखा होई आणि ट्यूब बंद केली की पुरळ उसळे. यवतमाळच्या त्वचारोग डॉक्टरांकडे दीड वर्ष जावे लागले. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइडे चिठ्ठीच्या औषधांत घातली, पण मला शहाणपण त्याआधीच, त्या मुलीच्या तोंडावर आले होते.

साबणाचे विचारले आहेस, तर वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातील एकूण स्निग्ध द्रव्याचे प्रमाण, बघ: ७६ टक्के किंवा वर म्हणजे पहिली प्रत. नुसते "बेदिंग बार" लिहिले असेल तर तो ४० पर्यंतही उतरू शकतो.

तेव्हा कोल्ड क्रीम दोन डझन, पेट्रोलियम जेलीच्या छोट्या डब्या चार डझन, ग्लिसरीन एक डझन आणि दहा टक्के युरियाचे क्रीम सहा नग, एवढेच भर. केशर-चंदन आणि सीरम दूधवाल्याबरोबर परत येत आहेत. बुधवारी विक्रीवाला आला की त्याच्या हाती दे आणि पावती फाडून घे. वहिनींना आईचा नमस्कार सांग, आणि तिकडे टोळंबीचे तेल निघाले असेल तर एक बाटली माझ्यासाठी ठेव.

तुझा,
वासुदेव