नाकाचं ऑपरेशन जरूर करा, पण ॲलर्जी त्याने जात नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मिरग लागला की आमच्या बाजूला घराघरात नाकं बंद व्हायला लागतात, उठल्या उठल्या शिंकांवर शिंका, दिवसभर तोंडाने श्वास आणि रात्री झोपेचं खोबरं. मग कोणीतरी सांगतं नाकातलं हाड वाढलंय, ऑपरेशन करून टाक. आणि ज्याने केलंय तो पुढच्या पावसात शिंकायला लागला की गावभर सांगतो, पैसे फुकट गेले, कोणी करू नका. हे ऐकून ज्यांना खरंच गरज आहे ते पण वर्षानुवर्षं तसेच काढतात, म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाच्या नाकात डॉक्टरांनी दुर्बीण घातली तेव्हा मी बाजूलाच होते, स्क्रीनवर सगळं दिसत होतं. मधला पडदा डावीकडे वाकलेला आणि उजवीकडचं टर्बिनेट, म्हणजे आतलं मांसल उंचवट्यासारखं असतं ते, फिकट आणि ओलं, सुजून पार पडद्याला टेकलेलं. वारा जायला जागाच नाही! आता वाकडा पडदा कुठल्या गोळीने सरळ होत नाही, तिथे ऑपरेशनच लागतं. टर्बिनेटची सूज मात्र ॲलर्जीची, ती आधी औषधाने उतरवून बघायची आणि नाहीच उतरली तर ते लहान करायचं. लहान करायचं बरं का, मुळापासून कापायचं नाही, कारण हवा गरम आणि ओलसर करायचं काम तेच करतं, ते फार काढलं तर नाक कोरडं पडतं, खपल्या धरतात आणि आत मोकळं असून श्वास कोंडल्यासारखा वाटतो. ऑपरेशनने भावाचा श्वास मोकळा झाला, तो रात्री शांत झोपतो. शिंका आणि खाज येतेच, त्यासाठी स्प्रे चालू आहे, आणि हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं म्हणून आमची निराशा झाली नाही. प्रत्येक पेशंटला हे असंच आधी सांगायला हवं.

स्प्रेबद्दल पण लोकांच्या मनात घोळ आहे. मेडिकलमधून आणलेले झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप्स पाच मिनिटात नाक उघडतात म्हणून माणसं ती बाटली उशाशी घेऊन झोपतात, पण आठवड्याच्या वर वापरले की नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही, उलट जास्त चोंदतं. स्टिरॉइडचा स्प्रे वेगळा, त्याचा पूर्ण गुण यायला दोन आठवडे सुद्धा लागतात आणि लोकं तिसऱ्या दिवशी सोडून देतात. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतला तर नुसत्या स्टिरॉइड नावाला घाबरायचं कारण नाही. मारताना मान थोडी खाली, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, स्प्रेचं तोंड कानाच्या दिशेला. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं.

आणि कोकणात राहून ओलीचं काय करायचं हा मोठाच प्रश्न. धुळीतले बारीक किडे, माइट्स, दमट हवेत फोफावतात आणि आपल्याकडे पावसाळाभर हवा दमटच, त्यात कापसाच्या गाद्या, माळ्यावरच्या गोधड्या, भिंतीला बुरशी. चादरी-अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात, साधारण 60 डिग्री, धुवा, ऊन पडलं की गाद्या खळ्यात टाका, आणि झाडझूड ॲलर्जी असलेल्या माणसाला सांगू नका (आमच्याकडे नेमकं त्या घरच्या बाईलाच करायला लागतं).

त्वचेवर टेस्ट करून ॲलर्जी कशाची ते कळतं आणि काही जणांना इम्युनोथेरपी देतात, म्हणजे ज्याची ॲलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची, ती 3 ते 5 वर्षं चालते. एवढी वर्षं दर वेळी कोल्हापूर-मुंबई कोणाला परवडणार? आता रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत, तिथे या टेस्टसाठी आठवड्यातला एक वार ठरवून द्यावा आणि तो आपल्या पेपरात ठळक छापावा, एवढी कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, ता. मालवण