वसईच्या एका फादरांना, जाहीरपणे

फादर,

डेथस्पेल ओमेगाच्या अल्बमवरचं माझं परीक्षण लिहून झालं. त्यात तुमचं नाव घातलेलं नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात. इथेही घालत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. ज्यांनी मला दारातूनच वाटेला लावलं, त्यांच्याही कानावर हे जावं असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डेथस्पेल ओमेगा हा फ्रान्समधल्या प्वातिए शहरातला ब्लॅक मेटल बँड. ब्लॅक मेटल म्हणजे हेवी मेटल संगीताची कर्कश, सैतानी वळणाची शाखा. अल्बमवर वादकांची नावं नाहीत, मंचावर येणं नाही. २००४ साली 'नॉर्मा इव्हँजेलियम डायबोली' या छोट्या लेबलने त्यांचा 'सी मोनुमेंटुम रेक्विरेस, चिर्कुमस्पिचे' काढला. १३ गाणी, सव्वा तासाहून जास्त. हे नाव लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधलं, ते बांधणाऱ्या क्रिस्टोफर रेनच्या समाधिलेखातलं. आणि आत पहिल्यापासून शेवटपर्यंत सैतानाची आराधना.

ब्लॅक मेटल म्हटलं की लोकांना जळणारी चर्चच आठवतात. ६ जून १९९२ रोजी नॉर्वेत फँटॉफ्टचं लाकडी चर्च पेटवून दिलं गेलं, तेव्हापासूनची ती ओळख आहे. या अल्बममध्ये तसला दंगा सापडत नाही. 'प्रेयर' नावाची तीन गाणी आहेत, मार्टिन ल्यूथरच्या सिद्धान्तावर बेतलेल्या शीर्षकाची दोन, बायबलातल्या स्तोत्रसंहितेतून उचललेलं एक, त्यातल्याच प्रकटीकरण या पुस्तकातलं एक. बेसूर वाटावे असे गिटारचे स्वर एकमेकांवर घासत राहतात, ढोल धावत असतात, आणि त्या गदारोळात एक माणूस अत्यंत गंभीरपणे प्रार्थना करतोय, फक्त भलत्याच दिशेला तोंड करून. मला हा अल्बम थोर वाटतो, आजही वाटतो. पण हिंदू घरात वाढलेल्या, बायबल कधी नीट न वाचलेल्या माणसाने त्यावर काय लिहायचं? नुसतं 'भन्नाट आहे' लिहून मोकळं व्हायचं?

आणि त्याहून मोठी अडचण दुसरीच होती. युरोपात चर्चवर तोंडसुख घेणं म्हणजे शतकानुशतकांच्या सत्तेशी भांडण. आपल्याकडे २०११च्या जनगणनेत ख्रिस्ती माणसं २.३ टक्के. तेच शब्द वसईत उच्चारले तर ते कुठल्या सत्तेला लागत नाहीत, शेजारच्या वाडीतल्या माणसाला लागतात. हे मनात ठेवून लिहायचं होतं आणि ते मला एकट्याला जमणारं नव्हतं.

म्हणून मी आधी इतरांकडे गेलो होतो. मेटल ऐकण्यात उभी हयात घालवलेल्या एका गृहस्थांना विचारलं, तर म्हणाले, 'लिरिक्स कोण वाचतं रे? रिफ बघ.' रिफ म्हणजे गिटारची पुन्हापुन्हा येणारी धून. धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी पहिल्या पानावरचं शीर्षक बघितलं आणि कागद दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. एका संपादकांना विषय आवडला, पण त्यांना हवा होता सैतानपूजकांचा मसाला. काळा रंग, कवट्या, बिघडलेली तरुण पिढी. याचा मला आजही राग आहे. तिघांनाही त्या गाण्यांत काय म्हटलंय हे जाणून घ्यायचंच नव्हतं. ज्यांना ते सगळ्यांत जास्त बोचणार होतं, त्या तुम्ही मात्र चष्मा पुसला आणि म्हणालात, 'बस. पहिल्यापासून वाचू.'

फादर, त्या दुपारचं एकच सांगतो. तुम्हाला कदाचित आठवतही नसेल.

आपण टेबलाशी बसलो होतो. गाण्यांचे छापील कागद मधोमध पसरलेले, शेजारी तुमचं बायबल. तेवढ्यात एक बाई आत आल्या, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाची मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, लावायला. सगळ्यांत वरच्या कागदावर 'ड्रिंक द डेव्हिल्स ब्लड' असं ठसठशीत अक्षरांत छापलेलं. मी घाईघाईने तो पालथा घालायला गेलो. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. नुसता तळहात त्या कागदावर ठेवलात, तो होता तसाच राहू दिलात, आणि त्यांना म्हणालात, 'हा माझ्याकडे अभ्यासाला आलाय. या, बसा.' मग वहीत त्यांच्या नवऱ्याचं नाव लिहिलंत, तारीख सांगितलीत, गुडघेदुखीची चौकशी केलीत. त्या गेल्यावर कागदावरचा हात उचलून म्हणालात, 'हं, पुढची ओळ.'

माझ्या स्वतःच्या घरात हे अल्बम कपाटाच्या मागच्या बाजूला असतात. आणि तुमच्या टेबलावर, तुमच्या माणसांदेखत, ते अभ्यासाचं साहित्य होतं. माझ्या आवडीला इतक्या सरळपणे कुणी मान दिल्याचं मला आठवत नाही.

तुम्ही जे दाखवलंत त्यावर अख्खं परीक्षण उभं राहिलं. 'ब्लेसेड आर द डेड' हे शीर्षक तुम्ही प्रकटीकरणाच्या १४व्या अध्यायात, १३व्या वचनात काढून दिलंत आणि हळूच म्हणालात, 'हे आम्ही मयताच्या वेळी वाचतो.' त्यानंतर मी ते गाणं ऐकलं तेव्हा ते पहिल्यापेक्षा कितीतरी भयानक वाटलं, कारण आता त्यात कुणाचं तरी खरं दुःख होतं. बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय तुम्ही मोठ्याने वाचलात. देवपुत्र परमेश्वरासमोर हजर होतात आणि त्यांच्यात सैतानही येऊन उभा राहतो. हा बँड सैतानाला देवाशिवाय बघूच शकत नाही, त्याचं सगळं बळ त्या नात्यातून येतं, हा माझ्या लेखाचा कणा तुमच्या त्या वाचनातून आला. 'कार्नल मेलफॅक्टर'मध्ये मधेच वाद्यं थांबतात आणि चर्चमधल्यासारखं समूहगान सुरू होतं, तिथे तुम्ही हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरलेत. ते संपल्यावर एवढंच म्हणालात, 'गाणाऱ्यांना गाता येतं.'

आणि तुम्ही गोड बोलून वेळ मारून नेली नाहीत, हेही लिहायलाच हवं. ख्रिस्ताच्या रक्तावरचा भाग आला तेव्हा तुम्ही थांबलात. 'हे मला लागलं. का लागलं ते सांगतो, तू लिही,' म्हणालात. मिस्सामध्ये ख्रिस्ताच्या रक्ताचा तो प्याला हातात घेताना तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही सांगितलंत. तो परिच्छेद मी तुमच्या शब्दांत तसाच ठेवलाय. बँडची बाजू मांडताना मी कुठेही हात आखडता घेतलेला नाही, पण त्या शब्दांचा घाव कुणावर बसतो हेही वाचकाला तिथेच दिसतं. असं परीक्षण मी पूर्वी कधी लिहिलं नव्हतं.

हल्ली भावना दुखावल्या म्हणायला गाणं ऐकावंही लागत नाही. नाव ऐकलं की पुरतं. आणि दुसऱ्या बाजूला माझ्यासारखे लोक, ज्यांना दुखावण्यातच शौर्य वाटतं. या दोहोंच्या मधे बसून, जे आपल्याला बोचतं ते ओळीओळीने वाचणारी, न पटलेलं तोंडावर सांगणारी आणि तरी समोरच्याला चहा विचारणारी माणसं अजून आहेत. ती कुठल्या चर्चासत्रात दिसत नाहीत. बहुतेक वेळा ती कुणाच्या तरी मिस्साची तारीख वहीत लिहीत असतात.

छापील प्रत घेऊन पुढच्या आठवड्यात येतोच आहे. याच बँडचा २००७चा अल्बमही सोबत आणतो. त्याचं शीर्षक मत्तयाच्या २५व्या अध्यायातून घेतलंय, शेवटच्या न्यायाच्या त्या उताऱ्यातून. तुमच्याकडून तो अख्खा अध्याय ऐकायचाय. त्या दिवशी बाप्तिस्मे नसतील तर दुपारी चारनंतर येऊ का, तेवढं कळवा.

तुमचा,
वसई रोड स्टेशनपलीकडचा विद्यार्थी