पाळी चुकल्यावर तीन महिने कसली वाट बघायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत गरोदर बाईच्या आहारावर अख्खं पान होतं. चांगलं होतं, पण केशर-दूध आणि खारीक-खोबऱ्याच्या पुढे तपासणीबद्दल एक ओळ नव्हती म्हणून लिहितेय. मी भांडुपला राहते, लेडीज डब्यात हा विषय रोज निघतो आणि नवीन गुड न्यूज असली की ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, "तीन महिने होऊ दे गं, मग हॉस्पिटलात नाव घालू."

दृष्ट लागेल म्हणून शेजारी नका सांगू, नातेवाईकांना नका सांगू, ते ज्याचं त्याने बघावं. पण डॉक्टरपासून कशाला लपवायचं? बाळाचा मेंदू आणि मणका जिथून तयार होतो तो भाग गर्भ राहिल्यावर पहिल्या चारेक आठवड्यांतच मिटून तयार होतो, म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. फॉलिक ॲसिडची गोळी त्यासाठी असते, आणि खरं तर मूल हवं असं ठरलं की आधीपासूनच रोज 400 मायक्रोग्रॅम सुरू करायची असते. चौथ्या महिन्यात नाव घालायला गेलेल्या बाईची ती वेळ निघून गेलेली असते. बाळंतपणाची तारीखही सुरुवातीच्या सोनोग्राफीत जितकी नेमकी कळते तितकी नंतर कळत नाही, मग शेवटी दिवस भरले की नाही यावरच गोंधळ. एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी, तर 11 आठवडे ते 13 आठवडे 6 दिवस एवढ्यातच होतो, तो हुकला की हुकला. म्हणून सरकारी नियमातसुद्धा पहिली तपासणी 12 आठवड्यांच्या आत करा असंच आहे.

पहिल्या वेळी काय करतात याची पण बायकांना उगाच भीती असते. वजन, उंची, बीपी, लघवी, आणि एकदाच रक्त काढून हिमोग्लोबिन, रक्तगट, शुगर, एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी), कावीळ बी, बरेच ठिकाणी थायरॉईड. एचआयव्हीचं नाव ऐकून घरच्यांची तोंडं वाकडी होतात, पण ती सगळ्यांचीच करतात, आणि वेळेत कळलं तर औषधाने बाळाला लागण होण्यापासून वाचवता येतं. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर आईच्या रक्ताने बाळाला, विशेषतः पुढच्या बाळाला, त्रास होऊ नये म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, ते विसरून चालत नाही. धनुर्वाताची इंजेक्शनं असतातच.

माझ्या धाकट्या जावेबरोबर मी पालिकेच्या प्रसूतीगृहात जायचे. शुगरची तपासणी होती त्या दिवशी तिच्या हातात ग्लास दिला, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळलेलं, तळाशी अजून पांढरं बसलेलं, आणि ती दोन घोट घेऊन माझ्याकडे बघतेय, "ताई, उलटी होणार." सिस्टर म्हणाल्या हळूहळू पी, पाच मिनिटं घे, पण अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर उद्या परत यावं लागेल. ती नाक दाबून प्यायली, मग दोन तास बाकावर बसून राहिलो आणि नंतर रक्त दिलं. 140 किंवा त्याच्या वर आलं की गरोदरपणातली शुगर धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि परत 24 ते 28 आठवड्यांत करायची असते, दुसऱ्या वेळी पुष्कळ जणी टाळतात, पहिल्यांदा नॉर्मल आली ना मग कशाला म्हणून. पण ही शुगर बऱ्याचदा पुढच्या महिन्यांतच वर येते.

लोहाच्या गोळ्यांचंही असंच. एनएफएचएस-5 या सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि गोळ्या फुकट मिळूनही घरात पाकिटं तशीच पडलेली असतात. कारण शी काळी होते, मळमळतं, कुणीतरी सांगतं बाळ काळं होईल. शी काळी होणं हे लोहामुळेच असतं, त्यात काही वाईट नाही, आणि बाळाच्या रंगाशी गोळीचा काडीचा संबंध नाही. फक्त चहाबरोबर घेऊ नका, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. एवढं कुणी समजावून सांगितलं तरी पुरे.

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी, साधारण 18 ते 20 आठवड्यांची, बाळात काही व्यंग आहे का ते बघायला असते. मुलगा की मुलगी ते तिथे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे, तरी सासवा दारात घुटमळतात, हे बघून मला खरंच संताप येतो.

आणखी एक आपल्या मुंबईचं. ओटी भरली की सातव्या महिन्यात पोरगी गावी माहेरी जाते, कोकणात, साताऱ्याला, आणि फाईल इथे कपाटात राहते. तिकडच्या डॉक्टरला बीपी आधी किती होतं हेच माहीत नसतं. 140/90 च्या वर बीपी, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा. फाईल आणि माता बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या आधी बॅगेत टाका.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची फुकट तपासणी असते, 2016 पासून सुरू आहे. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे 5000 रुपये मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर 6000. कृपया हे पुरवणीत मोठ्या अक्षरात छापा.

आणि पालिकेला एक विनंती. आम्ही जायचो तिथे ओपीडी सकाळचीच होती, धुणीभांडी करणाऱ्या बायकांचा त्या दिवशी खाडा होतो, पगार कापतात, म्हणून त्या पुढची तारीख चुकवतात. आठवड्यातून एक दिवस तरी संध्याकाळची ओपीडी ठेवा.

आपली,
एक वाचक, भांडुप