प्रतापगडावरील अनोळखी मदतनीसांचे आभार

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या 12 किल्ल्यांपैकी सातारा जिल्ह्यातला एकमेव किल्ला म्हणजे प्रतापगड. वृद्ध आईला घेऊन आम्ही साताऱ्याहून तेथे गेलो असता ज्यांनी साहाय्य केले, त्यांची नावे विचारायची राहूनच गेली. म्हणून हे जाहीर आभार.

पायऱ्यांवर आईला हात देणारे दोन तरुण आणि ताकाचे पैसे घ्यायला ठाम नकार देणाऱ्या मावशी यांचे ऋण आहेच. परंतु सर्वाधिक ऋण आहे ते महादरवाज्यापाशी भेटलेल्या वयस्कर गृहस्थांचे. बुरुजांच्या आड दडवलेला हा दरवाजा हल्लेखोराला दुरून का दिसत नाही, आणि 1656 मध्ये जावळी काबीज केल्यावर पार घाटावर नजर ठेवण्यासाठी मोरोपंत पिंगळ्यांकरवी हा गड का उभारला गेला, हे त्यांनी इतक्या नेमकेपणाने उलगडले की 10 नोव्हेंबर 1659 च्या युद्धाइतकेच त्यामागचे भूगोलाचे गणितही आम्हाला समजले. (आमच्या शालेय पुस्तकांनी भेटीच्या प्रसंगापलीकडे फारसे सांगितले नव्हते.) भवानीमातेच्या मंदिरापर्यंत ते आईच्या चालीने चालले. या सर्वांना मनःपूर्वक धन्यवाद.